पहाऱ्याची बदली

पंच्याण्णव सालच्या निवडणुकीआधी बंदुका जमा करायचा हुकूम निघाला, तसा धुळा सकाळच्या एसटीनं आटपाडीला गेला. बाराबोरची एकनळी गोणपाटात गुंडाळलेली, काडतुसं पिशवीत. ठाण्यातल्या हवालदारानं नळी उघडून बघितली, पावती दिली आणि विचारलं, "आता चोर आलं तर काय करणार, फौजी?"

"चोरास्नी बी मतदान असंल की," धुळा म्हणाला.

हवालदार हसला. धुळा हसला नाही. त्याला नुसती झोप येत होती.

पलटणीतून पेन्शनीवर आल्यावर त्यानं माळावर घर बांधलं. थोड्याच दिवसांत शेजारच्या वस्तीवर चोर शिरले आणि हरणाबाईच्या सासूचे कान फाडून सोन्याची फुलं घेऊन गेले. तेव्हा धुळानं परवाना काढला आणि अंगणात बाज टाकली. त्यानंतर तो कधी घरात झोपला नाही. मांडीवर बंदूक, एक डोळा उघडा. पाऊल वाजलं की पलटणीतली हाक द्यायचा, "थम! कौन आता है?" समोरच्यानं "दोस्त" म्हणायचं आणि आपलं नाव सांगायचं. वस्तीवरच्या बायासुद्धा हे शिकल्या होत्या. चोर परत आले नाहीत. पहारा तेवढा चालू राहिला आणि पहाऱ्यावरच धुळा म्हातारा झाला.

त्या रात्री तो आत भिंतीकडेला घोंगडं टाकून आडवा झाला.

"भाईर कुणीच न्हाई म्हंजी," त्याची बायको धोंडुबाई म्हणाली.

"बंदूक न्हाई तर जागून काय करू? चोराला म्हातारपण दाखवू?"

दगड पडावा तसा तो झोपला.

सकाळी हरणाबाई तणतणत आली. "आवं धुळादादा, कान गेलं का तुमचं? शेळी सुटली म्हणून पहाटं हिकडं आले, तर थम म्हनलासा. दोस्त म्हनलं, नाव सांगितलं, पुन्हा दोस्त म्हनलं, तरी बंदूक खाली घेईनासा. शेवटी शेळी तशीच सोडून माघारी फिरले."

"बंदूक ठाण्यात हाय, हरणे."

"मग हातात काय चुलीची फुकणी हुती व्हय?"

धोंडुबाई चुलीपुढून हळूच म्हणाली, "त्यांनी रातभर कूस सुदिक बदलली न्हाई गं."



धुळा अंगणात गेला. बाजेचं सुंभ मधोमध दबलेलं होतं. बंदुकीच्या तेलाचा वास येत होता. त्यानं बाज उचलून गोठ्यामागं नेली आणि भिंतीला उभी करून ठेवली.

रात्री तो दाराआड बसून राहिला. वारं पडलेलं. अंगणात, जिथं आता बाज नव्हती, तिथं सुंभ करकरलं. कुणीतरी बसतं झालं. बऱ्याच वेळानं वाळल्या पाल्यावर पाऊल वाजलं, आणि हाक आली.

"थम! कौन आता है?"

आवाज धुळाचाच होता. पण इतका खणखणीत आवाज त्याच्या घशातून निघून जमाना झाला होता. पाल्यावरचं पाऊल थांबलं नाही. हाक पुन्हा आली. उत्तर आलं नाही. घोडा चढल्याचा खटका वाजला... आणि बार झाला.

उजाडल्यावर बाभळीखाली एक भटकं कुत्रं पडलेलं दिसलं. छातीत छर्रे होते. धुळा त्याला पुरत असताना धोंडुबाई पाठीशी येऊन उभी राहिली.

"आवं, बिरूला येऊ नगं म्हणून सांगा."

"कसं सांगू? मतदानाला निघाला बी असंल साताऱ्यातनं. बायकोपोरीला घेऊन यीत हाय."

बिरदेव त्यांचा मुलगा. त्याला उत्तर ठाऊक होतं. सून मंगलला तो सांगेल. पण नात पिंकी चार वर्षांची. माणूस दिसलं की त्याच्याकडं पळत सुटायची. कुत्र्याला बोलता आलं नाही म्हणून ते मेलं. पोरीला काय बोलायचं तेच माहीत नव्हतं.

धुळा दिवसभर विचार करत बसला. संतरी आपल्या मनानं पहारा सोडत नाही. दुसरा येऊन बदली करेपर्यंत उभा राहतो, मग पाऊस पडो की गोळ्या. धुळानं बंदूक दिली आणि तो सरळ आत जाऊन झोपला. बदली कुणी केलीच नव्हती.

संध्याकाळी तो फाट्यावर जाऊन बसला. मुक्कामी एसटी उशिरा आली, अंधार पडल्यावर.

"आबा, एवढं फाट्यावर कशाला आलासा?" बिरदेव म्हणाला. "वाट इसरलो का काय आमी?"

"गप चल. मंगल, पोरीचा हात मी धरतो."

घर दिसू लागलं. चाहूल लागून धोंडुबाई कंदील घेऊन दारात आली. "आज्जी!" म्हणून पिंकीनं हिसडा दिला आणि ती सुटली.

"थम! कौन आता है?"

बिरदेव हसला. मग त्यानं बापाकडं बघितलं. बापाचं तोंड मिटलेलं होतं.

पिंकी धावतच होती. खटका वाजला.

"दोस्त!" धुळा ओरडला. "दोस्त! पिंकी दोस्त!" गुडघे मोडत तो पळाला, पोरीच्या पुढं गेला आणि हात पसरून उभा राहिला. समोर नुसता अंधार होता, आणि तेलाचा वास. त्यानं टाचा जुळवल्या. छातीत होता नव्हता तेवढा दम काढून म्हणाला, "संतरी... बदली!"

काहीच झालं नाही.

बिरदेवनं पोरीला उचललं, मंगलला ओढलं आणि घरात नेलं. धुळा तिथंच खाली टेकला. टेकला, तर खाली सुंभ होतं. मांडीवर गार, जड काहीतरी येऊन पडलं. हाताला लागत होतं, डोळ्याला दिसत नव्हतं.

मग त्याच्या जवळून पावलं निघाली आणि घराकडं गेली. अनवाणी, दमलेली, उजवा पाय ओढणारी. धुळा स्वतः तसाच चालायचा.

"आलासा?" दारातून धोंडुबाईचा आवाज आला. "या. लय जागलासा. पडा आता."

दार लागलं. आतून कडी बसली.

धुळानं उठायचा जीव तोडून प्रयत्न केला. मांडीवरचं ओझं त्याला उठू देईना. हाक मारायला तोंड उघडलं, तर घशातून वारासुद्धा निघेना.

आतून पिंकीचा आवाज आला, झोपेनं जड झालेला.

"आबा... तुमचे हात एवढे गार कसे?"