शेजारचा ब्रेक

"सगळ्यांसाठी वेळ आहे या मशीनला. आमचा नंबर आला की हिला धाप लागते!"

हॉस्पिटलमधल्या कॉफीच्या रांगेत उभी राहून ती पुटपुटली. आपलं पुटपुटणं आपल्यापुरतंच असतं, असा तिचा समज. तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं, "कॉफीच्या मशीनला बोलताय, की माझ्या?"

तिनं वळून पाहिलं. विस्कटलेले केस, गळ्यातलं ओळखपत्र उलटं.

"तुमची कुठली?"

"तळघरातली. आयन पळवणारी, किरणोपचाराची. तक्रार असेल तर सांगा, मी तिच्याकडेच चाललोय. फक्त... धाप तिला नाही हो लागत. तुमच्या पेशंटला लागते."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. मग त्याचाच राग आला.

खरं होतं ते. पेशंट म्हणजे तिचे बाबा. सगळा जन्म पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून पोरांना 'श्वास सोड, घाबरू नकोस' असं ओरडण्यात गेला, आणि आता फुफ्फुसातल्या त्या गोष्टीवर किरणांचा झोत सोडायचा, तर यांचाच श्वास ताळ्यावर नाही. श्वास सोडून छाती स्थिर झाली, तरच झोत सुटणार. बाबांची छाती काही स्थिर होईना. दोनदा टेबलावरून तसेच उठून आले होते.

त्या दिवसापासून कॉफी रोजची झाली. बाबा त्याला 'मशीनवाले' म्हणत, म्हणून तीही.

"मैदानाएवढ्या कड्यात गरागरा फिरवतो आम्ही आयनांना, त्या बारीक कणांना," मशीनवाला सांगायचा. "वेग चढला की सोडतो. वाटेत कुणाच्या फारसे अध्यात ना मध्यात. ठरल्या जागी पोचले की थांबतात, आणि थांबता थांबता सगळा जोर तिथेच काढतात."

"माझे विद्यार्थीही असेच थांबतात," ती म्हणाली. ती गाडी शिकवायची.

तो इतका हसला की कॉफी शर्टावर सांडली. मग म्हणाला, "तरीच! तुमचा उजवा पाय सारखा काहीतरी दाबत असतो."

"शेजारच्या सीटवरचा ब्रेक. गाडी दुसऱ्याच्या हातात, जीव माझा. सवय लागली आता."

"इथे कोण चालवतंय गाडी?"

तिनं कॉफीचा घोट घेतला. पाय मात्र दाबलेलाच राहिला.

घरात त्या दुखण्याला नाव नव्हतं. आत्या फोनवर विचारायची, "ते कसं आहे?" जसा काही वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. डॉक्टरही तिच्या विनवण्यांपुढे हात टेकून 'गाठ' म्हणत. बाबा काहीच म्हणत नसत.

मग ती सकाळ उजाडली. आज जमलं नाही तर हा उपचार सोडून द्यावा लागेल, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. मुलीचा आवाज ऐकून काही फरक पडतो का बघू, म्हणून त्यांनी तिला मशीनवाल्याच्या शेजारी बसवलं. समोर काच नाही, नुसता मॉनिटरचा पडदा. पडद्यावर टेबलावर झोपलेले बाबा, एका पायातला मोजा घसरलेला. खाली त्यांच्या श्वासाची रेघ. ती हिरव्या पट्ट्यात उतरून टिकली की झोत सुटणार.

"बोलायचं तेव्हा टेबलाखालचं पेडल दाबा," तो म्हणाला. "सोडलं की माइक बंद."

तिनं दाबलं. "बाबा, घाबरू नका हं. साधी गाठ आहे."

रेघ ताडकन उडाली.

"पुन्हा म्हणा बरं," तो हळूच म्हणाला.

"साधी गाठ आहे, बाबा..."

पुन्हा उडाली.

"बघितलंत? 'साधी' म्हटलं की उसळते. खोटं कळतं त्यांना."

"हे तुमचं शास्त्र?"

"छे, निरीक्षण. अजून एक आहे, पण ते माझ्या छातीचं. त्याला पडदा जोडलेला नाही."

"अहो, ही वेळ आहे का?"

"दुसरी कुठली आहे माझ्याकडे?" तो रेघेकडेच बघत होता. कान मात्र लाल झाले होते. "जमलं तरी तुम्ही जाणार, नाही जमलं तरी जाणार. रोज सकाळी त्या कॉफीच्या रांगेत मी काय... यंत्राशी बोलू?"

तिला बसवेना, उठवेना. "मला सुचत नाहीये हो काही! तुमचंही नाही, त्यांचंही नाही. त्या दुखण्याचं नाव घेतलं की ते खरं होईल असं वाटतं. बाबा खचतील. आणि तुमच्याकडे बघितलं की... जाऊ दे. ते तर मी मनातसुद्धा बोलत नाही."

उजवा पाय सगळा जोर लावून खाली दाबलेला.

स्पीकर खरखरला.

"अगं ए! पाय काढ त्या पेडलवरून. मगापासून सगळं ऐकू येतंय."

दोघंही गारठले.

"मला कॅन्सर झालाय," बाबा म्हणाले. तलावाच्या काठावरून बोलायचे तसे, खणखणीत. "बहिरा नाही झालो मी. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझं तोंड बघून गप्प होतो. चला, मशीनवाले, श्वास सोडतोय. बघा जमतंय का."

रेघ एकदा वर गेली, मग हातातली जड पिशवी जमिनीवर ठेवावी तशी सावकाश खाली आली. हिरव्या पट्ट्यात. तिथेच टिकली.

"सुटला!" मशीनवाला पुटपुटला. झोत सुटला, थांबला, पुढच्या श्वासाला पुन्हा सुटला. ती तोंडावर हात धरून बघत राहिली. शेवटी पडद्यावरचा दिवा विझला तेव्हा तिचे डोळे वाहत होते.

"झालं?" बाबांनी विचारलं. "मग आता त्या बिचाऱ्याला काहीतरी उत्तर दे. ताटकळलाय."

तिनं खाली पाहिलं. पाय केव्हाच उचलला गेला होता... तिला कळलंही नव्हतं. तिनं तो पुन्हा पेडलवर ठेवला. या वेळी जाणूनबुजून.

"बाबा," ती मशीनवाल्याकडे बघत म्हणाली, "हा माणूस मला फार आवडतो."