शेवटच्या गाडीचा दिवा

ऐका, पण मध्येच कोणी हसायचं नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय हे, मागच्या डिसेंबरात, अमावास्येच्या रात्री.

साडू ट्रकमध्ये फरशा भरून निघाला होता. नेहमीचीच खेप. मध्यरात्र झाली तसे डोळे मिटायला लागले. गाडी लावून झोपणं भागच होतं, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर घातली असती. पण लावणार कुठे? पंपावरच्यानं कुत्र्यासारखं हाकललं. टोलनाक्यावर पोलिसानं दारावर काठी आपटली. ट्रकतळासाठी राखलेल्या जागेवर कुणा साहेबाच्या मेहुण्यानं शोरूम थाटलंय. थू यांच्या जिण्यावर! सगळ्यांचा माल आम्ही वाहायचा आणि झोपायला गटाराची कड!

शेवटी रस्त्याकडेला ट्रकची रांग दिसली, तिच्या मागे त्यानं गाडी लावली. मुताच्या वासानं त्यानं नाकाला गमछा बांधला. आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. रांगेत जो शेवटचा, त्यानं मागचे दिवे चालू ठेवायचे, सगळ्यांसाठी. पण साडूची बॅटरी म्हातारी. सकाळी गाडी चालू झाली नाही तर मालक सोलून काढणार. त्यानं दिवे बंद केले आणि आडवा झाला.

ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या फळीवर थाप पडली.

"कोण आहे रे?"

पुन्हा थाप. त्यानं आरशात पाहिलं. कोणी नाही.

मग आवाज आला. खिडकीखालून. लहान पोरीचा.

"काका... दिवा लावा ना... बाबांना दिसत नाहीये..."

साडूला खाली बघवेना. कसंबसं बटण दाबलं.

दिवे लागले... आणि मागे करकचून ब्रेक वाजला. एक जीप हातभर अंतरावर थांबली होती. आतली माणसं पांढरीफटक.

"आत्ता दिवे लागले म्हणून वाचलो, मामा," जीपवाला म्हणाला.

खिडकीखाली कोणी नव्हतं.

उजाडल्यावर पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, महिन्यापूर्वी इथंच अंधारात उभ्या असलेल्या शेवटच्या ट्रकवर स्कूटर आदळली. बाप आणि लेक. दोघंही जागीच गेले.

"मग सरकारनं काय केलं?"

"तो बघ, फलक लावलाय. इथं गाड्या थांबवू नयेत."

साडू जाऊन त्या फलकावर थुंकला. माझंही तोंड कडू होतं बघा, हे सांगताना. जागा द्यायला यांना वर्षानुवर्षं जमत नाही, पत्रा ठोकायला मात्र एक दिवस पुरतो.

निघण्याआधी साडू गाडीच्या मागे गेला. दिव्यांवरचा चिखल पुसलेला होता. त्याच्याच नाही... रांगेतल्या एकूण एक गाडीच्या दिव्यांवरचा. आणि प्रत्येक काचेवर बोटांच्या रेघा होत्या.

बारीक... लहान पोराच्या असतात तशा.