मिठाच्या पुडीतली अंडी

“थांब! ती पुडी फेकू नकोस!” मैत्रेयी ओरडली.

राजस इतका दचकला, की त्याच्या हातातले शेंगदाणे तेलीबाग वस्तीतल्या रस्त्यावर सांडले. “मिठाची पुडी तर आहे! इतना क्या चिल्लाना?”

“कागदावरचे काळे ठिपके बघ!”

“काली मिर्च होगी, यार.”

त्यांच्या मैत्रिणीने, पायलने, कागद उन्हात धरला. खसखशीहूनही बारीक ठिपके कागदाला घट्ट चिकटले होते. “काली मिर्च कसली! ही डासांची अंडी आहेत. विनयामावशीची!”

२०१८ सालची दसऱ्याची सुट्टी होती. मैत्रेयीची आई डॉ. विनया जवळच्याच संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होती. परवा तिच्या प्रयोगशाळेतून अंड्यांच्या कागदी पट्ट्यांचा डबा नाहीसा झाला होता. तीन वर्षांची मेहनत! तेव्हापासून आई धड जेवलीसुद्धा नव्हती.

“पण डास मारायचे सोडून पाळायचे कशाला?” राजसने विचारलं.

“या डासांच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो,” पायल म्हणाली. “तो असला की डेंग्यूचा विषाणू डासात नीट वाढत नाही. आणि मादीच्या अंड्यांतून तो पिल्लांनाही मिळतो! गेल्या वर्षी मी डेंग्यूने नऊ दिवस दवाखान्यात होते. ही अंडी केवढी मोलाची, ते मला विचार!”

मैत्रेयी शेंगदाणेवाल्या रामसरनचाचांकडे वळली. “चाचा, ये कागज कहाँ से मिला?”

“दफ्तर के एक बाबू दे गए थे, बिटिया. बोले, पुड़िया बना लेना. आज ही खोला, दो-तीन ही बनी हैं.”

“और बाकी?”

“घर पे. कूलर के ऊपर.”

“कूलर!” मैत्रेयी किंचाळली. “पाणी लागलं तर अंड्यांतून अळ्या निघतील! हे डास बाहेर सोडायची परवानगीच नाही अजून!”

चाचांनी गाडी शेजाऱ्यावर सोपवली आणि सगळे गल्लीतून धावत सुटले. चाचांच्या खोलीत कूलर घरघरत होता. वरचं कागदांचं बंडल थरथरत कडेला सरकलं होतं. एक टोक खालच्या पाण्यावर लोंबत होतं!

राजसने उडीच मारली. बंडल त्याच्या हातात आलं आणि तो स्वतः धप्पकन जमिनीवर!

“सुकं आहे!” तो पडल्या पडल्याच ओरडला. “पूरा सूखा!”

तरीही, चुकून एखादी अळी झालीच असेल तर वाळून जावी म्हणून पायलने कूलरचं पाणी तापलेल्या गच्चीवर ओतायला लावलं. चाचांनी गाडीवरच्या पुड्याही आणून दिल्या.

मुलं संस्थेत पोचली तेव्हा भांडारप्रमुख पंढरीनाथकाका संचालक विभामॅडमना सांगत होते, “विनयाबाईंनीच कुठंतरी ठेवला असेल डबा. आम्ही हात लावलेला नाही!”

आई मान खाली घालून उभी होती. मैत्रेयीने पायलकडे पाहिलं. पायलने डोळा मिचकावला.

“विभाकाकू,” पायल मोठ्याने म्हणाली, “कागद सापडले! पण ज्याने ते हाताळले त्याच्या हातांना आता खाज सुटणार ना? लाल चट्टे येतात म्हणे!”

पंढरीनाथकाकांनी झटकन आपले तळवे पाहिले. मग मनगट खाजवलं. मग कोपर!

“काका, तुम्ही तर हात लावला नव्हता ना?” राजसने भोळेपणाने विचारलं.

काकांचा चेहरा पडला. “सफाई पंधरवडा होता, मॅडम. मला वाटलं, डाग पडलेले जुने कागद आहेत. नंतर सांगायचं धाडस झालं नाही.” ते आईकडे वळले. “चुकलं माझं, विनयाबाई.”

“आणि खाज वगैरे काही येत नाही हं, काका,” पायल हळूच म्हणाली.

पण आईचं लक्ष कुठं होतं! तिने एक पट्टी पाण्यात बुडवली. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

“हलतंय!” राजस किंचाळला. “वो देखो, दुसरं! तिसरं!”

धाग्यासारख्या बारीक अळ्या पाण्यात वळवळत होत्या. आई वाकून अळ्या मोजू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

जिवाणू शाबूत आहे का, हे तपासायला आणखी आठवडा लागला. निकालाच्या दिवशी विभामॅडमनी तिघांना मुद्दाम बोलावून घेतलं. सगळ्या शास्त्रज्ञांसमोर त्या म्हणाल्या, “वोल्बाकिया जिवंत आहे! आमच्या डोळ्यांसमोरून गेलेलं या मुलांना दिसलं. शाब्बास रे पोरांनो!”

टाळ्या वाजल्या. सर्वांत जोरात वाजवत होते पंढरीनाथकाका. आई मात्र टाळ्या वाजवायच्या विसरली. तिने तिघांनाही एकदमच मिठीत ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.