यादीतलं पाचवं नाव

"हे माझ्या नवऱ्याचं नाव आहे," शुभांगी बुराडेनं आपला मोबाइल टेबलावर सरकवला. "त्यांना जाऊन सात महिने झाले."

रत्नाबाई तितिरमारेंनी चष्मा चढवला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी भंडाऱ्यात खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. त्याच खात्यात जीप चालवणारे भैय्याजी आता त्यांचे मदतनीस होते. तेही वाकून पाहू लागले.

पडद्यावर घरच्या राऊटरला जोडलेल्या उपकरणांची यादी होती. शुभांगीचा लॅपटॉप, तिचा मोबाइल, नणंद गुड्डीचा मोबाइल, टीव्ही. आणि पाचवं नाव, योगेंद्र.

"रोज येतं?"

"महिनाभरापासून. दुपारी एक ते दोनच्या मधात. हे नाव आलं की सगळ्या घरातलं नेट बसते. मी घरूनच एका दवाखान्याचे रिपोर्ट टाइप करते, त्या वेळात एक कागद पुढे जात नाही. नेटवाला म्हणाला, राऊटरवर लोड येऊन राहिला, काहीतरी बंद करा. मी टीव्ही काढला, गुड्डीचा फोन काढला, राऊटर बंद करून चालू केला. तरी तेच. म्हणून यादी उघडली."

"त्यांचा फोन कुठे आहे?"

"अपघातातच गेला. आंधळगावच्या अलीकडे ट्रकनं मोटरसायकल उडवली. आधी बाबा पोचले, माझे सासरे. फोन कुठंच सापडला नाही म्हणाले. टपरीवाल्यानं सांगितलं, गाडी चालवता चालवता ते फोनवर बोलत होते." पुढचं तिनं खाली पाहत सांगितलं. "सासूबाई म्हणतात, तो फोन माझाच होता. मी केला नव्हता. माझा मोबाइल दाखवला तर म्हणाल्या, तू पुसून टाकलं. आता यादीत नाव आल्यापासून म्हणतात, तो तुलेच न्यायले येऊन राहिला. या आठवड्यात मला माहेरी पोचवून देणार आहेत."

"त्यांच्या फोनला लॉक होतं?"

"कधीच नव्हतं."

"आणि राऊटर कोणी लावला?"

"त्यांनीच. स्वतःच्या फोनला पहिला नंबर देऊन ठेवला होता. त्यांचं काही चालू असलं की बाकीच्यांनी थांबायचं. गुड्डी लई चिडायची."

भैय्याजी म्हणाले, "फोनले नाव तर कोणी पण देऊ शकते. पोरीनं मजाक केली असन."

"नाव कोणीही देऊ शकतं," रत्नाबाई म्हणाल्या. "पहिला नंबर नाही. राऊटर तो नावाला देत नाही, त्या एका फोनला देतो. घरातलं सगळं नेट बसतं, म्हणजे तोच फोन घरात येतो आहे."

शुभांगीनं हात मांडीवर घट्ट धरले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोघं आंधळगावला शुभांगीच्या घरी पोचले. नेटच्या दुरुस्तीची माणसं, अशी शुभांगीनं घरात ओळख करून दिली.

समोरच्या खोलीत फळीवर राऊटर होता. त्याला काळ्या दोऱ्यानं लिंबू-मिरची बांधली होती. बाजूलाच योगेंद्रचा हार घातलेला फोटो होता, आणि राऊटरचा हिरवा दिवा त्या काचेत लुकलुकत होता.

"त्याले बंद नका करू," दारातून आवाज आला. सासूबाई, निर्मलाबाई. "बंद केला तर तो कुठं जाईल?"

"बंद नाही करत," रत्नाबाई म्हणाल्या. "तुम्हाला हे नाव केव्हा समजलं?"

"सुनेनं दाखवलं. मले तं आधीच समजलं होतं. दुपारी घर कसंतरीच होते. बैलसुद्धा चारा सोडून उभे राहतात."

"तुम्ही रोज दुपारी घरीच असता?"

"बाजाराच्या दिवशी मोहाडीले जाते भाजी घेऊन. संध्याकाळीच येते."

शुभांगीनं एका वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. रत्नाबाईंनी पानं चाळली. महिन्यातले चारही बाजारवार त्यात होते.

गुड्डीच्या कॉलेजला सुट्टी होती. ती भिंतीला टेकून उभी होती.

"मी कायले असं करीन?" ती म्हणाली. "दादाचं नाव पाहून मलेच भेव लागते. मी तं रोज तुमसरले असते, तीनच्या बसनं येते. कॉलेजात विचारा."

सासरे धनीराम पडवीत दोरी वळत बसले होते. बाजूला धानाची नऊ पोती रचलेली होती. तोंडं शिवलेली, आणि शिवणीवर कोळ्याची जाळी.

"काका, तुमच्याकडे कोणता फोन आहे?"

त्यांनी खिशातून बटनवाला फोन काढून दाखवला. "मले त्या नेटातलं काही समजत नाही."

"त्यायले कायले विचारता?" निर्मलाबाई म्हणाल्या. "यायले आपल्याच कामातून फुरसत नाही. मागच्या महिन्यात तीनदा तुमसरच्या मिलवर गेले, धान भरडाईसाठी."

धनीराम दोरी वळत राहिले.

रत्नाबाईंनी आपला मोबाइल राऊटरला जोडून भैय्याजींच्या हातात दिला. "हा घेऊन घरभर फिरा. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा."

"मले दिसणार काय त्यात?"

"तुम्हाला नाही, मला दिसेल."

रत्नाबाई राऊटरजवळ बसून शुभांगीच्या मोबाइलवर, यादीत प्रत्येक नावापुढे दिसणाऱ्या सिग्नलच्या रेघा पाहत राहिल्या. स्वयंपाकघरात आणि शुभांगीच्या खोलीत चार. गच्चीवर तीन. मागच्या विहिरीपाशी दोन. विहिरीपलीकडे गुरांच्या कोठ्यात एक. मग त्यांनी आपला मोबाइल यादीतून काढून टाकला.

एकच्या आत जेवणं आटोपली. निर्मलाबाई भांडी घेऊन विहिरीवर गेल्या. गुड्डी कपडे वाळत घालायला गच्चीवर चढली. धनीराम बैलांना पाणी दाखवायला कोठ्याकडे गेले. खोलीत तिघंच उरले.

एक वाजून अकरा मिनिटांनी राऊटरचा दिवा भराभर लुकलुकू लागला.

शुभांगीच्या लॅपटॉपवरचा कागद अर्ध्यात थांबला. यादी खाली सरकली आणि पाचवं नाव आलं. योगेंद्र.

भैय्याजींनी नकळत फोटोकडे पाहिलं. हिरवा उजेड काचेवर थरथरत होता आणि चेहरा हलल्यासारखा वाटत होता. शुभांगीनं डोळे मिटून घेतले.

"रेघ किती?" भैय्याजींनी हळूच विचारलं.

"एक," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांची नजर दुसऱ्या आकड्यावर होती. "आणि हा फोन काही मागवत नाही. नुसता वर पाठवतो आहे."

त्या उठल्या नाहीत. वीस मिनिटांनी नाव गेलं, दिवा संथ झाला. मग त्यांनी सगळ्यांना पडवीत बोलावलं.

"मी दुरुस्तीची बाई नाही," त्यांनी सुरुवात केली. "शुभांगीनं मला तपासासाठी आणलं. यादीतलं नाव भुताचं नाही. योगेंद्रचा फोन या घरात आहे."

निर्मलाबाई खाली बसल्या.

"फोन सहा महिने बंद होता. त्यातले फोटो, व्हिडिओ नेटवरच्या साठवणीच्या जागी पाठवायचे राहिले होते. चालू झाला की तो ते पाठवू लागतो. त्याला पहिला नंबर दिलेला, त्यामुळे बाकी सगळ्यांची वाट अडते. तासाभराच्या आतच कोणी बंद करतं, म्हणून काम कधी पुरं होत नाही."

"कोण?" गुड्डीनं विचारलं.

"तू नाही. तू तीनच्या बसनं येतेस. आई नाही, बाजाराच्या दिवशीही नाव आलं होतं. शुभांगीच्या खोलीतून चार रेघा येतात. एकच रेघ येते ती कोठ्यातून."

धनीरामांचे हात दोरीवर थांबले.

"अपघाताच्या जागी पहिला माणूस कोण पोचला, ते सगळ्यांना माहीत आहे. फोनची काच फुटलेली असणार, म्हणून इतके दिवस तो उघडला नाही. काका तीनदा तुमसरला गेले धान भरडाईसाठी. पण पोत्यांची तोंडं शिवलेली आहेत आणि त्यांवर जाळी आहे. एक दाणा हलला नाही. ते मोबाइलच्या दुकानात गेले होते."

"पण बाप आपल्या पोराचा फोन लपवील कायले?" भैय्याजींनी विचारलं.

"मीही बसल्या बसल्या हाच विचार केला. फोटो लपवायचे नसतात. लॉक नसलेल्या फोनमध्ये, कोणीही उघडून पाहू शकेल असं काय असतं? शेवटचा कॉल. तो कोणाचा होता, ते ज्याला दिसू द्यायचं नव्हतं, त्यानंच..."

"मीच केला होता," धनीराम म्हणाले.

त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

"पंपाचा फ्यूज उडला होता. येता येता तार घेऊन ये, एवढंच सांगाचं होतं." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याची गाठ सोडली. आत योगेंद्रचा फोन होता. "याच्यात माझं नाव दिसे. पुसून टाकावं म्हटलं, तं हात चालेना. त्यानं उचललेला शेवटचा फोन आहे तो. हिनं सुनेचं नाव घेतलं, अन् मी चुपच राहिलो. एक दिवस गेला, मग दुसरा. मग बोलताच नाही आलं."

निर्मलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "मी तुले सात महिने..."

"आई, आज काही बोलू नका," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "माहेरी जायचं तर मी माझ्या मनानं जाईन. कोणी पोचवायचं नाही."

मग ती सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"ते काय बोलले?"

"बाबा, गाडीवर आहो, म्हणे. थांबा, बाजूले घेतो." धनीरामांनी मान वर केली नाही. "मग ट्रकचा आवाज आला."

"बाजूला घेतो म्हणाले?"

"हो."

"म्हणजे थांबतच होते."

ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. मग तिनं हात पुढे केला आणि धनीरामांनी फोन तिच्या हातात ठेवला.

"रोज काय पाहता यात?"

त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. शुभांगीनं तो लावला. आधी नुसता वारा वाजला, मग धानाची हिरवी बांधी दिसली, आणि पडद्यात न दिसणाऱ्या योगेंद्रचा आवाज पडवीत घुमला.

"आई, पाह्य बरं आपला धान. नीट दिसून राहिला काय?"

निर्मलाबाई भिंत धरून उठल्या. फोनजवळ आल्या, वाकल्या.

"दिसून राहिला, बाबू," त्या म्हणाल्या. "चांगला दिसून राहिला."