आबांचं अडणारं बोट

रोज सकाळी टक्!

आबांचं मधलं बोट असं वाजायचं. झोपेत मिटलेलं बोट उघडायला गेलं, की ते अडून बसायचं आणि दुसऱ्या हाताने ओढलं, की एकदम सरळ. आबा "आई गं!" म्हणायचे आणि नात दिसली की लगेच हसायचे. बरं, एक्स-रे काढला तर हाड अगदी धडधाकट! मग अडत होतं तरी काय?

आबा म्हणजे दापोलीचे नावाजलेले कॅरमपटू वासुदेव खोत. नात शाल्मली त्यांची दुहेरीतली जोडीदार. जिल्हा स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आणि आबा म्हणाले, "शामू, तू दुसरा जोडीदार बघ. मला कंटाळा आलाय खेळाचा."

कंटाळा? आबांना? छे! कारण ते बोटच, हे शाल्मलीला कळलं. "अजून एक डाव, आबा" म्हणत महिनाभर रोज चार-चार तास तिनेच त्यांना बसवलं होतं.

साल होतं २०६१. गावात खेळाडूंसाठी वेगळा दवाखाना होता. तिथे डॉक्टर झरीना सोलकरांच्या हाताखाली 'करंगळी' नावाचा यंत्रमानव काम करायचा. उंची स्टुलाएवढी, बोलणं मात्र हेडमास्तरांचं. शाल्मलीने आबांना हाताला धरून तिथे नेलं.

करंगळीने आबांचा तळहात एका काचेखाली ठेवला. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी आत शिरल्या, परतल्या आणि पडद्यावर हाताच्या आतलं चित्र हलू लागलं.

करंगळी सांगू लागला, "ही पांढरी दोरी म्हणजे कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा). बोट मिटवणारा मोठा स्नायू बोटात नसतोच, तो असतो कोपराखाली! तो ही दोरी ओढतो. दोरी हाडापासून सुटू नये म्हणून तिच्यावर अशी अरुंद कडी असतात. आबा, बोट मिटा. आता उघडा."

दोरी सरकली. बोटाच्या मुळाशी ती जराशी फुगली होती. मिटताना तो फुगवटा कड्यातून निघाला, उघडताना मात्र कड्याच्या तोंडाशीच अडला. आबांनी जोर केला. टक्!

"अय्या, ही तर लेंग्याची नाडी!" शाल्मली ओरडली.

"लेंग्याची काय?" करंगळी बुचकळ्यात पडला.

धुण्यात निघालेली आबांची नाडी ओवायचं काम घरात तिचंच होतं. "नाडीला गाठ पडली, की ती नेफ्याच्या तोंडाशी अडते. हिसका दिला तर सटकते, पण नेफा उसवतो."

"शाब्बास! म्हणूनच बोट हिसकून उघडायचं नाही. दोरी घासते, सूज वाढते. मिटवणारे स्नायू दांडगे, ते फुगवटा ओढून नेतात. उघडणारे बिचारे नाजूक, ते कमी पडतात."

शाल्मली मग हळूच म्हणाली, "ही गाठ माझ्यामुळे आली का? मी त्यांना फार खेळवलं."

"तीच ती हालचाल केल्याने त्रास वाढतो, हे खरं," करंगळी म्हणाला. "पण वय आहे, आबांची साखर आहे. एकच कारण कुणालाही सांगता येणार नाही."

"वेडी गं माझी पोर!" आबांनी तिला जवळ ओढलं. "गेल्या दिवाळीपासून अडतंय हे. सांगितलं असतं, तर तू डावच मांडला नसतास. ते मला नको होतं." शाल्मली त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आबांचेही डोळे भरून आले.

डॉक्टरांनी बोटाच्या मुळाशी सूज उतरवणारं इंजेक्शन दिलं, बोट सरळ ठेवणारी पट्टी बांधली आणि काही दिवस साखरेवर नजर ठेवायला सांगितलं. सहा आठवडे खेळ बंद. एवढं करूनही अडलंच, तर लहानसा छेद देऊन कडं सैल करायचं.

"आणि तुझी स्पर्धा गं?" आबा कळवळले.

"पुढच्या वर्षी आहेच की! दुसरा जोडीदार घेऊन मी काय करू?"

निघताना करंगळी म्हणाला, "एक दिवस असा हातमोजा निघेल, जो दुखायच्या आधीच सूज ओळखेल."

"मी करीन तो!"

"कर. पण आधी मला नाडी ओवायला शिकव."

सहा आठवडे सरले. पहाटेच शाल्मली आबांच्या उशाशी येऊन बसली. आबांनी बोट उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तिने कान अगदी जवळ नेला.

"आबा, वाजलंच नाही!"

आबा उठले, कॅरम काढला, पावडर टाकली.

"पाचच मिनिटं हं," शाल्मलीने दरडावलं.

आबांनी नेम धरला. टक्! राणी थेट भोकात.

"वाजलं की," आबा म्हणाले.