पाणी पिणारा नळ

"दोरी, विजेरी आणि शेंगदाणे," खारूने यादी वाचून दाखवली. "ढोल्या, शेंगदाणे तुझ्याकडे नकोत. मागच्या वेळी कोपऱ्यापर्यंतसुद्धा टिकले नव्हते."

खारूच्या घरामागे, मोरीपाशी तिघांची बैठक बसली होती. भिंतींवर सरसर चढते म्हणून ती खारू. ढोल्याचं नाव त्याच्या आवाजावरून पडलं होतं. आणि शंकासुराचं काय सांगावं, सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तो 'कशावरून?' विचारायचा. सुट्टी लागून तीन दिवस झाले होते आणि आज बंद पडलेली वीटभट्टी पालथी घालायचीच, असं पक्कं ठरलं होतं.

तेवढ्यात त्यांच्या मागे कोणीतरी उसासा टाकला.

तिघांनी वळून पाहिलं. मोरीत कोणीच नव्हतं. भिंतीवर नळ, नळाला अडकवलेली हिरवी रबरी नळी, तिचं टोक खालच्या टबात बुडलेलं, एवढंच. सकाळचे दहा वाजले होते, नळाचं पाणी नुकतंच गेलं होतं. पुन्हा तोच आवाज आला, लांबलचक, घशातून काढल्यासारखा. टबात बुडलेली नळी हळूच वळवळली, आणि टबातलं पाणी आपोआप खाली जाऊ लागलं.

"टब फुटलाय," शंकासूर म्हणाला खरा, पण त्याचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी टब उचलून पाहिला. खालची फरशी कोरडी ठणठणीत होती.

खारूने नळी बाहेर ओढली आणि तिच्या तोंडावर तळहात ठेवला. नळीने तो धरून ठेवला. अगदी खरोखर धरून ठेवला! तिने हात हिसका देऊन सोडवला तेव्हा तळव्यावर लालसर गोल उमटला होता.

"नळ पाणी पितोय," ढोल्या कुजबुजला. तो कुजबुजू शकतो हे इतरांना आजच कळलं.

वीटभट्टी राहिली बाजूलाच.

गल्लीत गेले काही दिवस काहीतरी विचित्र चाललं होतंच. गल्ली उताराची, खारूचं घर सगळ्यांत वर. बारा दिवसांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला, पिल्लूला, जुलाब लागले आणि चार दिवसांत थांबलेही. मग खालच्या घरातलं बाळ आजारी पडलं. मग त्याच्या खालच्या घरातलं. आजार जणू एकेक पायरी मोजत उतारावरून खाली येत होता. मोठी माणसं आपापलं सांगायची. कोणी म्हणे दात येतायत, कोणी म्हणे उन्हाळा बाधला, कोणी म्हणे नजर लागली. एरवी बाळांच्या रडण्याने दणाणणारी गल्ली मात्र आता गप्प असायची, आणि त्या शांततेत दहा वाजता घरोघरचे नळ उसासे टाकायचे.

आता आजार शेवटून दुसऱ्या घरात पोचला होता. तिथे खारूची मावशी राहायची, आणि मावशीची सोनुली. आठ महिन्यांची ही बया जन्मात पहिल्यांदा हसली ती खारूकडे बघून. आता खारूने कितीही वेडीवाकडी तोंडं केली तरी ती नुसती बघत राहायची, आणि ते बघणं खारूला सहन होत नव्हतं.

"हे बघा," शंकासूर म्हणाला. त्याने टबाशेजारची रिकामी नळी तोंडाला लावल्याचा अभिनय केला. "आपण नळीने सरबत ओढतो तसं खालून कोणीतरी ओढतंय. पण कोण?"

तिघं उतरत उतरत गल्लीच्या टोकाला गेले. सगळ्यांत खाली लाँड्री होती. बंद दाराआड काहीतरी घूं घूं घुमत होतं आणि उंबऱ्यावर ठेवलेले हँगर एकमेकांवर आपटून किणकिणत होते. दार वाजवताच घुमणं थांबलं. लाँड्रीवाले काका अर्ध्या दारातून डोकावले. आत नळाला मोटार लावलीय का, असं शंकासुराने विचारलं. मोटार? कसली मोटार? पोरांना सुट्टीत दुसरे उद्योग नाहीत का? असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

"आता पुरावा हवा," शंकासूर म्हणाला.

"नीळ," खारू म्हणाली. "उद्या पाणी जायच्या वेळी एका टबात नीळ कालवायची. ती जिथे निघेल तिथे चोर."

कोणाच्या टबात, यावर फार चर्चा झालीच नाही. आपल्याच, असं खारूने सांगून टाकलं. तिची आई स्वच्छतेसाठी गल्लीत प्रसिद्ध होती. आमच्या मोरीत पान मांडून जेवावं, असं ती अभिमानाने म्हणायची. आमच्या घरून कोणाकडे काय वाईट जाणार, असंच खारूला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता टब गडद निळा झाला होता. नळाने उसासा टाकला, नळी वळवळली आणि निळं पाणी गुपचूप वर चढून भिंतीत नाहीसं झालं. बघता बघता टबाचा तळ दिसू लागला. तळाशी पिल्लूचे भिजत घातलेले लंगोट होते.

पाव तासाने खालून आरडाओरडा ऐकू आला. लाँड्रीवाले काका पायजमा खोचून रस्त्यावर उभे होते आणि त्यांच्या हातात निळे डाग पडलेली हॉटेलची चादर होती.

"कपड्यांना नीळ मी घालतो, मला नीळ कोण घालतंय?" ते ओरडत होते.

शंकासूर अगदी नम्रपणे पुढे झाला. "काका, पाणी तर दहालाच गेलं. मग तुमच्याकडे सव्वादहाला आलं कुठून?"

काका दार लावायला वळले, पण उशीर झाला होता. त्यांच्यामागे, उघड्या दारातून, थेट नळाच्या पाइपला जोडलेली मोटार आख्ख्या गल्लीला दिसत होती. ढोल्या विजयाची आरोळी ठोकणार, इतक्यात त्याचं लक्ष खारूकडे गेलं. ती पांढरीफटक पडली होती.

वरून खाली येणारं पाणी वाटेत मावशीच्या घरावरून येतं, हे तिला आत्ता सुचलं होतं.

ती धावत सुटली. मावशीच्या घरात, गल्लीत घरोघर औषधाच्या पुड्या वाटत फिरणाऱ्या नर्सबाई सोनुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहत होत्या, आणि चिमटीची घडी लवकर उलगडत नव्हती. सोनुली रडत होती, पण त्या रडण्यात जोर नव्हता.

"अंगातलं पाणी आटलंय, डोळ्यांत टिपूस नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आता थांबायचं नाही. दवाखान्यात न्यायचं. वाटेत द्यायला जलसंजीवनी करून घ्या."

मोटार थांबली की पाइपात उरलंसुरलं पाणी मावशीच्या नळाला थोडा वेळ यायचं. औषधापुरतं तेच ती रोज भरून घ्यायची आणि गॅस वाचवायला जरा कोमट झालं की उतरवायची. आज घाईत तिने पेल्यातच पुडी फोडली आणि पेला नळाखाली धरला.

पाणी निळं आलं.

खारूने पेला हिसकावून घेतला. मावशी काही विचारायच्या आत तिला बोलायचं होतं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता.

"मावशी, ते आमच्या टबातलं आहे. पिल्लूचे लंगोट भिजतात तो टब. त्याला जुलाब होत होते तेव्हाही त्यातच भिजायचे. आणि नळी... नळी रोज मीच बुडवून ठेवते."

दारात आई येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. गल्लीत पाणी कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून नळ उघडा ठेवून नळी टबात सोडायची रीत घरोघर होती. पहिलं गढूळ पाणी लंगोटांना वापरायचं, ही काटकसर मात्र आईची. ती मटकन पायरीवर बसली.

"म्हणजे इतके दिवस आम्ही औषधही त्यातच कालवत होतो," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी थर्मासमधलं आपलं उकळलेलं पाणी काढलं, नवी पुडी त्यात विरघळवली आणि दवाखान्यापर्यंत सोनुलीच्या तोंडात चमच्याचमच्याने घालत राहिल्या.

आई मग उठली. उतारावरच्या प्रत्येक घराचं दार तिने स्वतः वाजवलं आणि काय झालं ते कोणाचीही भीड न धरता सांगितलं, आपल्या टबासकट. संध्याकाळपर्यंत गल्लीतली प्रत्येक नळी टबापासून वीतभर वर बांधलेली होती. गॅसवरचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय कोणी उतरवत नव्हतं. लाँड्रीवाल्या काकांनी मोटार आपल्या हातांनी सोडली आणि तीन पोरांना मान वर न करता सांगितलं, की चादरीचं बघतो मी.

दुसऱ्या दिवशी दहाला तिघं टबापाशी जाऊन बसले. नळ गप्प होता.

चौथ्या दिवशी मावशी परत आली. सगळी गल्ली तिच्या दारात जमली. आपण इतके दिवस पुड्या वाटत फिरलो आणि नळाकडे बघायचं या मुलांना सुचलं, असं नर्सबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं. शंकासुराने यावर चक्क 'कशावरून?' विचारलं नाही. खारू मात्र उंबऱ्याबाहेरच अंग चोरून उभी होती. मावशी आपल्याकडे बघेल का, याचीच तिला धास्ती होती.

मावशी सरळ तिच्याकडे आली आणि सोनुलीला तिच्या कडेवर दिलं.

"घे गं, तुझीच वाट बघतेय ती."

नेमकी त्याच क्षणी ढोल्याला शिंक आली, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी. सोनुली दचकली, तिने ओठ काढला आणि भोकाड पसरलं. सगळे तिला उगी करायला पुढे सरसावले, तेवढ्यात खारूच्या मनगटावर काहीतरी गरम, ओलं टपकलं.

"रडतेय," खारू ओरडली. "मावशी, बघ ना, डोळ्यांतून पाणी येतंय तिच्या!"

"रडू दे तिला," मावशी म्हणाली. मग सोनुली पोटभर रडली आणि तिला कोणी थांबवलं नाही.