घरटी एक माणूस

टण... टण टण. टण... टण टण.

हा आवाज श्रीपतने शेवटचा ऐकला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. घासलेटचा रिकामा डबा आणि त्यावर तिवराचं दांडकं. नायगावच्या खाडीकाठी, खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या भातजमिनीच्या, बांधावर नरहरी नावाचा एक माणूस राखणीला असायचा. अवसे-पुनवेचं उधाण बांधाच्या डोक्याला लागलं, कुठे खांड पडून पाणी आत शिरलं, की तो डबा बडवायचा. मग रीत अशी, की घरटी एक माणूस बांधावर धावायचा. कोण, कशाला, आत्ताच का, असं विचारायचं नाही. ज्याचं शेत बुडणार त्याने जायचं, ज्याचं वाचणार त्यानेही जायचं. ताटावरून उठून जायचं. आणि बायकापोरांनी माळ्यावर चढून बसायचं, पाणी उतरेपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही.

पुढे एका उधाणात नरहरी स्वतःच पाण्यात गेला. त्यानंतर शेतं गेली, भराव आला, भरावावर टॉवर आले. डब्याची आठवणही कोणी काढेना.

मितेश, तो मोबाईल खाली ठेव बाळा. दिवे येतील तेव्हा येतील. जागृती, तूही अशी पुढे सरक. हे मी कुठे वाचलेलं नाही. श्रीपत माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. त्यानेच मला हे सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. म्हणून मला ते खरं वाटतं.

पौषातली अवस होती, रविवार. श्रीपत आणि त्याची बायको रंभा, तीही नायगावचीच, टॉवरच्या सातव्या मजल्यावर राहायची. त्याच्या बापाची भाताची खाचरं जिथे होती, नेमकी तीच जागा, फक्त सात मजले वर. रंभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जायची, तेवढंच तिचं चालणं. मुलगा प्रितेश सातिवलीला कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेला.

रात्रीची जेवणं झाली आणि रंभाच्या लक्षात आलं, की मिसरी संपली. मिसरी लावल्याशिवाय तिला झोप येत नाही. श्रीपत कुरकुरला, पण चपला घालून खाली गेला.

दुकानदार पुडी काढत होता. तेवढ्यात वर टांगलेल्या शाम्पूच्या पुड्या सळसळायला लागल्या. वारा तर नव्हता. मग पायाखालून कोणीतरी गोणपाट ओढून न्यावं तसं झालं. कुत्री भुंकली. कोणीतरी ओरडलं, "भूकंप!"

बघता बघता सगळा टॉवर खाली आला. कोणी गाऊनवर, कोणी टॉवेलवर, एका बाईच्या हातात पोळी लाटायचं लाटणं. सोसायटीचा सेक्रेटरी हिलरी, वसईगावातला माणूस, स्वभावाने चांगला पण तोंडाचा पट्टा सतत चालू. नाताळच्या कार्यक्रमाचा कर्णा घेऊन तो जिन्याच्या दाराशी उभा राहिला.

"लिफ्ट बंद केली आहे! कोणीही वर जायचं नाही! शांतता राखा!"

"अरे हिलरी, वर माझी बायको हाय."

"काका, दोन मिनिटं. अग्निशमनवाल्यांना फोन लावलाय."

"तिला चालता येत नाय रे."

"काका, माहीत आहे मला. दोन मिनिटं."

दोन मिनिटांची अर्धी घटका झाली. श्रीपत त्याच्या काखेखालून आत घुसला आणि चढायला लागला. पासष्टी ओलांडलेला माणूस. वर पोचला तेव्हा छातीत भाता चालला होता.

रंभा खाटेवर बसून होती. तिने आधी त्याच्या हाताकडे बघितलं.

"मिसरी आनली?"

पुडी दुकानातच राहिली होती.

"सात मजले चढून आलात, नि मिसरीच इसरलात?"

श्रीपत खाटेच्या उशाशी बघत होता. तिथे खिडकीजवळच्या खांबाला छतापासून कमरेपर्यंत चीर पडली होती. त्याने बोट घातलं. बोट आत गेलं. तेवढ्यात दुसरा धक्का आला. लहानसाच, पण चीर फाकली. आता हाताची कड आत जात होती, आणि तिच्यातून गार हवा येत होती. त्याने खाट ओढत दाराशी आणली आणि पुन्हा खाली धावला.

पोरांनो, त्या रात्री त्या माणसाने किती जणांचे हात धरले असतील! तो एवढंच सांगत होता, की प्लास्टिकची खुर्ची आहे, तिच्यात तिला बसवू, चौघांनी चार पाय धरायचे. चौघे जण पार्किंगमध्ये होते. ते गाड्या बाहेर काढत होते.

"काका, एवढी गाडी मोकळ्यावर लावतो नि आलोच."

"गाडीला पाय हायेत का गुडघे?"

"आलोच म्हटलं ना!"

एक जण आला. खरंच आला. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला. मग त्याचा फोन वाजला, त्याने वाचलं, आणि तो थांबला.

"काका, साडेबाराला मोठा येणार आहे."

"कोन म्हनतो?"

"ग्रुपवर आलंय." एवढं बोलून तो उतरलासुद्धा.

श्रीपत खुर्ची घेऊन एकटाच राहिला. प्रितेशचा फोन आला, "बाबा, हायवे पॅक आहे, गाडी हलत नाहीये. तुम्ही आईला घेऊन खाली मैदानात थांबा."

"कसा घेऊ? खिशात घालून?"

"बाबा, चिडू नका ना."

"मी चिडत नाय," असं म्हणून त्याने फोन कापला. चौथ्या मजल्यावर तो पायरीवर बसला. खालून कर्ण्यातून हिलरीचा आवाज येत होता, "घाबरू नका, आपण सगळे एकत्र आहोत." श्रीपतला रडू येईना, शिव्याही सुचेनात. दात मात्र दुखायला लागले, इतके त्याने ते आवळले होते.

वर जाऊन त्याने रंभाला खुर्चीत बसवलं आणि तिच्याच जुन्या लुगड्याने खुर्चीला बांधलं. ती हसायला लागली.

"वरातीतपन मला अशी मिरवली नव्हती!"

तोही हसला. त्या रात्री पहिल्यांदाच. मग त्याने मागून खुर्ची धरून तिला जिन्यापर्यंत नेलं, दोन पायऱ्या उतरवली, आणि त्याची कंबर धरली. खुर्ची कलली. रंभाने कठडा पकडला म्हणून, नाहीतर दोघंही घरंगळत गेली असती. कसंबसं ओढून त्याने तिला पुन्हा घरात आणलं. लुगडं सोडलं. दोघं नुसती बसून राहिली.

तेव्हा दिवे गेले.

कर्णा थांबला. खालची पोरं रडायची थांबली. कुत्रीही गप्प. खाडी टॉवरपासून इतकी लांब, पण भरतीचं पाणी चढताना जो बारीक चुळचुळाट होतो, तो ऐकू यायला लागला.

आणि मग...

टण... टण टण.

श्रीपत हलला नाही.

टण... टण टण.

"ऐकलंत?" रंभा म्हणाली.

"नाय."

"ऐकलंत तुमी."

तो अंधारात दाराकडे बघत राहिला.

"नरहरीचा डबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. आपल्या घरचं कोणी हाक मारतंय, असा आवाज. "जा. घरटी एक मानूस."

"नि तू?"

"मी माळ्यावर हाय की. बायकांनी माळ्यावर बसायचं."

काय सांगू पोरांनो. पाणी आलं तर वर चढायचं आणि धरणी हलली तर खाली उतरायचं, हे त्याला कळत नव्हतं का? रात्रभर तो दुसरं काय करत होता? पण अंगात मुरलेली रीत डोक्याला विचारून येत नाही. त्याचे पाय उठले. हात अंधारात दारामागे फावडं चाचपायला लागला. त्या दारामागे फावडं कधीच नव्हतं. तो तसाच निघाला. रंभाला एकटीला मागे ठेवून. एक मजला उतरला.

सहाव्याच्या वळणावर कोणीतरी उभं होतं.

नुसती लंगोटी. गुडघ्यांपर्यंत काळं. एका हातात डबा. तोंड... तोंडाच्या जागी अंधार. पायांखाली पाणी ठिबकत होतं. टप... टप...

श्रीपत तिथेच भानावर आला. आपण कोणाला मागे ठेवून निघालो, ते त्याला कळलं. आणि घाबरण्याऐवजी त्याला राग आला. रात्रभर साठलेला सगळा राग.

"नाय येत मी!" तो ओरडला. "नाय येत! तुझ्या डब्यावर माझा बाप धावला. मी धावलो. शेत कुनाचं, ते कधी बघितलं नाय. आज माझ्या घराला खांड पडली. कोन आला? सगलं गाव खाली उभं हाय, नि माझ्या घरी एक मानूस नाय! एक नाय!"

त्याचा आवाज जिन्यातून खाली गेला. खूप खाली गेला.

समोरचा हलला नाही.

मग त्याने दांडकं उचललं. हळूच. आणि जिन्याच्या पोकळीत, खालच्या बाजूला तोंड करून, डबा वाजवला.

टण... टण टण.

काही नाही.

मग खाली... तळाशी... पाऊल.

चप.

अनवाणी. ओलं.

चप... चप...

एक नव्हे. पुष्कळ.

श्रीपत वर पळाला. घरात शिरून त्याने दार लोटलं, कडीवर हात ठेवला.

"लावू नका," रंभा म्हणाली.

"अगं..."

"लावू नका. मानसं येतात."

त्याने हात काढला. दार आपोआप उघडं झालं. पूर्ण.

आणि तेव्हाच मोठा धक्का आला. भिंत कण्हली. फडताळातली भांडी खाली आली. खांबातून कडकड आवाज झाला, ओलं लाकूड पिळवटावं तसा. श्रीपतने रंभाला खाटेवर आडवी केली आणि वरून तिला झाकून घेतलं. डोळे मिटले. तिच्या केसांना तेलाचा वास होता. मग त्या वासावर दुसरा वास चढला. खाजणाचा.

त्यांच्या अंगावरून कोणीतरी गेलं. मग आणखी कोणी. कोणाचं ओलं कोपर त्याच्या पाठीला लागलं. कोणी बोलत नव्हतं.

थप्.

थप्. थप्.

थप्...

त्याने डोळे उघडले नाहीत. रंभाने उघडले असतील. तिने त्याला कधी सांगितलं नाही, त्यानेही कधी विचारलं नाही.

उजाडलं तेव्हा ती दोघं तशीच होती. भिंती उभ्या होत्या. शेजारच्या फ्लॅटची बाल्कनी खाली पडली होती, मोकळ्यावर काढलेल्या गाड्यांच्या टपांवर. कोणाला लागलं मात्र नाही.

जिन्यात आवाज झाला. हिलरी पुढे, मागे तेच चौघे. आणि एक स्ट्रेचर. हिलरीचा कर्णा गळ्यात लटकलेला, घसा बसलेला, पण बोलणं चालूच.

"काका, माफ करा हं, रात्री काय परिस्थिती होती तुम्ही बघितलीत, अग्निशमनवाले आत्ता पोचलेत, प्रितेशही खाली आलाय, त्याला पोलीस सोडत नाहीयेत, काकूंना आपण आता अगदी अलगद—"

"आता कशाला आलात?" रंभा म्हणाली. "रातच्याला आली होती ना मानसं."

"कोण माणसं?"

"घरटी एक."

हिलरी श्रीपतकडे वळला. "कोण आलं होतं वर? काका, दिवे गेल्यापासून मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. धक्का बसला तेव्हाही हललो नाही. एकालाही आत सोडलं नाही मी."

श्रीपतने नुसती मान खांबाकडे वळवली.

चीर बुजलेली होती.

खांड बुजवायची आमच्याकडे एक पद्धत होती. खाडीतला काळा चिखल, त्यात भाताचा पेंढा, आणि मधे हवा राहू नये म्हणून तो तळहाताने ठोकून ठोकून बसवायचा. अगदी तसाच. छतापासून कमरेपर्यंत. चिखल अजून ओला होता, पेंढ्याची टोकं बाहेर आली होती. तसा चिखल नायगावात आता कुठे दिसतो? सगळा मुरुमाखाली गेला. जिना कोरडा होता. फरशी कोरडी होती. चिखलावर मात्र तळवे उमटले होते. एकावर एक, एकाशेजारी एक. रुंद, चिरलेले, कामाचे हात. काही इतके उंचावर होते, की तिथे पोचायला दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहावं लागलं असतं.

चौघे स्ट्रेचर धरून दारातच थांबले.

हिलरी पुढे गेला. त्याने एका तळव्यावर आपला हात ठेवला. तो लहान पडला. हात काढून त्याने बोटांचा वास घेतला. त्याच्या बोटांवरून काळं पाणी मनगटाकडे ओघळलं.

त्याने श्रीपतकडे बघितलं, मग रंभाकडे.

मग त्याने गळ्यातला कर्णा काढून खाटेच्या पायथ्याशी ठेवला, आणि काही न बोलता जिना उतरून गेला.